कातळात सळया बसवायला कोणतं केमिकल अँकर घ्यावं?

पाऊलवाट
झऱ्याकडे उतरणाऱ्या वाटेवर पंचवीसेक फुटांचा तिरपा कातळ आहे. ओला झाला की पाय ठरत नाही. धरायला साखळी लावायचं ठरवलंय: स्टेनलेसच्या १६ मिमी तोर (अंगावर उंचवटे असलेल्या) सळया, १२ जागी, भोक २० मिमीचं आणि २०० मिमी खोल. अडलंय ते केमिकलपाशी, म्हणजे भोकात भरून सळई कातळाला चिकटवणाऱ्या मालापाशी. पॉलिएस्टर, व्हिनाइलएस्टर आणि प्युअर इपॉक्सी, तिन्ही मिळतायत. कातळ दुपारभर तापतो आणि दोन-तीन जागी पाणी झिरपतं. माझी आई रोज याच वाटेनं उतरते, त्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाही.

हातोडा
व्हिनाइलएस्टर घ्या. ऊन असेल तर तासाभरात कडक होतं. काँक्रीटमध्ये आम्ही नेहमी तेच वापरतो.

कातळखूण
पॉलिएस्टर आधी बाजूला ठेवा. ते सेट होताना आकसतं आणि ओल्या भोकात पकड कमी धरतं. राहिले दोन. व्हिनाइलएस्टर वाईट नाही, थंडीत तर तेच सोयीचं. पण तुमच्याकडे झिरप आहे आणि काम वर्षानुवर्षं टिकायला हवं, म्हणून मी इपॉक्सी घेईन. ते जवळजवळ आकसत नाही, आणि सळई सरळ करायला वेळ देतं. मात्र ओल्या भोकासाठी चालतं असं काट्रिजवर (माल भरलेल्या नळकांड्यावर) लिहिलेलंच घ्या, आणि दीर्घकाळ किती तापमान सोसतं तेही तिथेच वाचा. काळा कातळ उन्हात हवेपेक्षा बराच जास्त तापतो आणि केमिकल गरम झालं की मऊ पडतं.

आता जे मला खरं सांगायचंय ते. काही वर्षांपूर्वी मी आणि दोघांनी बसवलेली एक सळई हातानं हलवली तर अख्खी बाहेर आली. केमिकल सळईला घट्ट चिकटलेलं, दगडासारखं कडक, कुठे तडा नाही. पण बाहेरच्या अंगाला सगळीकडे पिठासारखी करडी धूळ. बोट फिरवलं तर बोट करडं झालं. केमिकलनं धुळीला धरलं होतं, कातळाला धरलंच नव्हतं. आम्ही भोक फक्त तोंडानं फुंकलं होतं. तेव्हा त्या सळईला कुणी लटकलेलं नव्हतं, हे आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

म्हणून भोक तळापासून पंपानं फुंका, भोकाच्या मापाचा तारेचा ब्रश फिरवा, पुन्हा फुंका. मी हे चार-चार वेळा करते, धूळ निघायची थांबेपर्यंत. झिरपत्या भोकातला चिखल आधी पाण्यानं धुवून काढा. काट्रिजमधून सुरुवातीला निघणारा, नीट न मिसळलेला माल फेकून द्या. रंग एकसारखा झाला की मगच नोझल (काट्रिजची तोटी) तळाशी नेऊन भरत भरत वर या, नाहीतर आत हवा अडकते. दोन-तृतीयांश भरलं की सळई फिरवत दाबा. तोंडाशी केमिकल बाहेर आलंच पाहिजे.

दगडधोंडे
न आकसणारं सिमेंट ग्राउट (भोकात ओतायचा पातळ सिमेंटचा माल) का नको? त्याला उन्हाचं भय नाही.

कातळखूण
चांगला पर्याय आहे, पण भोक बरंच मोठं लागतं, म्हणजे ड्रिलही मोठं. २० मिमीच्या भोकात सळईभोवती दोनच मिमी जागा उरते, ग्राउट तिथे नीट उतरत नाही. सतत खाली ओढणारा भार, म्हणजे छताला काही टांगायचं असतं, तर मीही इपॉक्सीबद्दल दहादा विचार केला असता. बोस्टनमध्ये २००६ साली बोगद्याच्या छताची काँक्रीटची फरशी कोसळून एक बाई गेली, कारण अँकरचं इपॉक्सी सततच्या भाराखाली हळूहळू सरकत गेलं होतं. तुमच्या साखळीवर भार अधूनमधून आणि बराचसा आडवा येणार. तेवढं इपॉक्सी पेलतं.

पाऊलवाट
माल किती लागेल? आणि आतून सेट झालंय हे कळणार कसं?

कातळखूण
दोन-तृतीयांश भरायचं तर हिशेबानं एका भोकाला साधारण ४२ मिली, बाराला पाचशेच्या आसपास. फेकायचा माल आणि कातळातल्या भेगा धरून ४०० मिलीच्या दोन काट्रिज न्या, मुदत बघून. नोझलही जास्तीच्या ठेवा. मध्ये थांबलात की आतलं केमिकल गोठतं आणि नोझल वाया जाते. काम पहाटे करा. तापल्या कातळात सळई सरळ करेपर्यंत माल घट्ट होतो.

जागा ठरवताना कातळ हातोडीनं वाजवून बघा. ठणठणीत आवाज आला तरच भोक पाडा. पोकळ, भदभद आवाज आला तर जागा बदला. कडेच्या आणि भेगेच्या जवळ नकोच.

सेट झालंय का बघायला प्रत्येक भोकाशेजारी त्याच मालाचा सुपारीएवढा गोळा ठेवा, सावलीत. मालासोबतच्या तक्त्यातला सेट व्हायचा वेळ उलटल्यावर नखानं दाबून बघा. खूण उमटली तर सळईला हातही लावू नका. गोळा कडक असेल, तरी साखळी घालण्याआधी प्रत्येक सळईवर दोघांनी मिळून जोर लावा, आणि आई उतरायच्या आधी तुम्ही स्वतः दोनदा खाली-वर करा.