पोटगी थकवणाऱ्या बापाला आत घालायचं की कामाला लावायचं?

उद्यमबागवाला
आमच्या बेळगावच्या फौंड्रीतला मोल्डर, साचे करणारा. पोरगी आईकडे, खानापूरला. पोटगी महिना ६००० ठरली तेव्हा ओव्हरटाइम धरून पगार बरा होता. मग ऑर्डरी घटल्या, आठवड्याला तीनच दिवस काम. कोर्टाचा कागद आला तो कन्नडात. हा मराठी शाळेचा, तारीख तेवढी कळली, कागद टीव्हीखाली गेला. सात महिने थकले आणि पोलीस वॉरंट घेऊन थेट गेटवर. हिंडलग्याच्या तुरुंगातून महिन्यानं सुटला तर जागेवर दुसरा माणूस. थकबाकी आहे तशीच, कारण आत बसल्यानं पोटगी फिटत नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८९ लाच सांगितलंय. यात पोरीच्या हाती काय पडलं?
परिस्थिती बदलली तर रक्कम बदलून मागता येते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४६, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १२७). काम घटलं त्याच आठवड्यात याला कुणीतरी कोर्टात घेऊन जायला हवं होतं. असल्या बापांना मदत करा म्हटलं की लोक अंगावर येतात, या की.

शहापूरची_माजी_सून
आले. कन्नड येत नाही म्हणे! इतकी वर्षं बसची पाटी वाचून कामाला जातोय न्हवं?
आमच्याकडचा, म्हणजे पोराचा बाप, माग चालवतो. कोर्टात मजुरी निम्मी सांगितली, दिवाळीला नवी गाडी. पोटगी मागितली की म्हणतो, 'तुला गृहलक्ष्मीचे २००० येतात की,' म्हणजे कर्नाटक सरकार घरच्या कुटुंबप्रमुख बाईला महिन्याला देतं ते. अहो, माझं नाव अजून सासरच्या रेशनकार्डावर, कुटुंबप्रमुख सासू. पैसे तिच्या खात्यात जातात! बायकांच्या मोफत बसच्या 'शक्ती' योजनेनं माझं तिकीट फुकट झालं, पोराचं नाही.

निपाणीकर
बाई बरोबर बोलल्या. आमच्या आईनं बिड्या वळून तिघांना वाढवलं, तिला कुणी 'मदत करा' म्हटलं नव्हतं. बापाला तेवढी सवलत?

काळा_कोट
दोघांचंही अर्धं खरं. मजुरी लपवली असेल तर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ताई, गाडीचे कर्जाचे कागद मागवायला वकिलाला सांगा. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत टाका, नंतर वॉरंट मिळत नाही. बाई आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील मोफत, मिळकत कितीही असो. पुरुषाला सहसा मिळकतीची अट असते, पण तीन दिवसांच्या मजुरीवाल्यानं विचारून तरी बघावं.
आणि धागाकर्ते, 'काम नाही' एवढ्यावर कोर्ट ऐकत नाही. धडधाकट असाल तर अंगमेहनत करून द्या, असं २०२२ मध्येही सुप्रीम कोर्ट म्हणालंय.

चंदगडचा_पण_न्यू_जर्सीत
इथे अमेरिकेत बाप तुरुंगात असेल तर त्याला 'मुद्दाम बेकार' धरू नये, असा केंद्राचा नियम २०१६ ला आला. पोटगी ऐपत बघून ठरवायची. वसुली पुष्कळदा पगारातूनच कापून होते.

निपाणीकर
पगारातून! इथं निम्म्यांचा पगार पाकिटात मिळतो हो.

उद्यमबागवाला
तेच तर. मी म्हणतो, आत घालायच्या आधी एकदा बोलावून विचारा: आज किती देऊ शकतोस? आमच्या माणसाला आता मच्छे गावात काम लागलंय. १० तारखेला पगार. १५०० फोनवरनं पाठव म्हटलंय, हातात रोख देऊ नकोस, नाहीतर उद्या दिले-नाही-दिले होतंय. बाकीसाठी अर्ज टाकायला सोमवारी मी सुट्टी घेऊन जाणार आहे बरोबर.

शहापूरची_माजी_सून
तुम्ही जाताय, ते चांगलं. आमच्याकडच्याला असा दोस्त असता तर त्यानं गाडी लपवायला मदत केली असती.
आणि १० तारीख नको. शाळेचा टमटमवाला ५ ला पैसे मागतोय.