प्रतिसाद : कवच फोडायचं कशाला?

"बुजरं पोर म्हणजे शंखात दडलेला खेकडा, त्याला कवचातून बाहेर ओढायला हवं" असं एकानं लिहिलंय. खेकडा ठीक, ओढणं पटलं नाही. शंखातल्या खेकड्याचं पोट मऊ आणि पिळदार असतं, त्यावर स्वतःचं कवच नसतंच. मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख तो घर म्हणून वापरतो. जोरानं ओढलंत तर सोडत नाही, प्रसंगी अंग तुटेल पण पकड सुटणार नाही. वाढला की मोठा शंख शोधतो, आधी नांग्यांनी आतून-बाहेरून चाचपतो आणि पसंत पडला तरच झटक्यात घर बदलतो. उघडा राहतो तो तेवढाच वेळ.

माझी भाची बेळगावच्या टिळकवाडीत वाढली. घरात मराठी, वर्गात कन्नड, त्यामुळे पहिलीत वर्षभर शाळेत तोंड उघडलं नाही. घरी मात्र बडबड थांबायची नाही! मे महिन्यात आंबोली घाटानं वेंगुर्ल्याला गेलो. तिथं मी एक शंख उचलून आतल्या कुर्लीला, म्हणजे खेकड्याला, काडीनं डिवचत होतो. भाची पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली, "मामा, ओढू नको की, भ्यालंय ते!" मग हातावर शंख ठेवून गप्प बसली. बऱ्याच वेळानं आधी दोन डोळे, मग एक नांगी बाहेर आली. जूनमध्ये तिनं शेजारच्या बाकावरच्या मुलीला हीच गोष्ट सांगितली, मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये. खेकड्याला कन्नडमध्ये 'एडी' म्हणतात, हे आम्हाला तिच्याकडूनच कळलं.