काळ्या जमिनीत हरभऱ्यासाठी शॉर्ट डिस्क चालेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, चोपडा तालुक्यातून लिहितोय. सहा एकर भारी काळी जमीन आहे, खरिपाचा मका निघाला, कडबा उचलून झाला आणि आता शेतात नुसती धसकटं उभी आहेत. हरभरा टाकायचाय आणि दिवस हातात थोडे आहेत, म्हणून रान तयार करायला शॉर्ट डिस्क हे ट्रॅक्टरमागचं अवजार लावावं का ते विचारतोय.

आधी गेल्या वर्षीचं सांगतो. भाड्याने रोटाव्हेटर लावला, दोन पाळ्या मारल्या, रान इतकं भुसभुशीत दिसायला लागलं की मी फोटो काढून पाव्हण्यांना पाठवले. वडील बांधावर उभे होते, त्यांनी मूठभर माती उचलली, बोटांतून खाली सोडली आणि एवढंच म्हणाले, 'माटीनं पीठ करी टाकं.' पेरणीनंतर चौथ्या दिवशी अवकाळी आला, अर्धा तासच पडला पण वरून अशी पापडी धरली की खुरप्याने उचलली तर भाकरीच्या तुकड्यासारखी हातात यायची आणि खाली पिवळा कोंब वाट शोधत आडवा गेलेला. नांग्या (न उगवलेल्या मोकळ्या जागा) पडल्या त्या पडल्याच. पुढे जानेवारीत चार झाडं उपटून पाहिली, चार-पाच इंचांवर सोटमूळ वाकून बाजूला वळलेलं, खाली रोटाव्हेटरच्या पात्यांनी घोटून घोटून टणक थर झालेला. हे बघून फार वाईट वाटलं, कारण ती चूक माझीच होती, वडील नको म्हणत होते.

आता शिरपूरकडच्या एका नातेवाइकाच्या शेतावर शॉर्ट डिस्क पाहिलं. आपल्या जुन्या डिस्क हॅरोत सगळ्या तव्या, म्हणजे माती कापणाऱ्या गोल चकत्या, एकाच दांड्यावर ओवलेल्या असतात, एका तवीखाली दगड आला की अख्खी रांग उचलते. ह्यात प्रत्येक तवीला स्वतःचा हात, बुडाशी रबर, त्यामुळे एकच तवी दबते आणि बाकीच्या चालू राहतात. दोन रांगा, एक माती डावीकडे फेकते, दुसरी उजवीकडे, आणि मागे रोलर माती दाबत येतो. पीटीओ (अवजार फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा दांडा) लागत नाही. दोन-तीन इंच वरची माती धसकटासकट कापून मिसळली जाते, खालची ओल तशीच राहते.

माझं ट्रॅक्टर ४५ एचपीचं आहे. ते ओढेल का, धसकटाचे बुडखे तुटतील का, आणि आपल्या चिकट मातीत रोलर भरणार नाही का? कोणी वापरलं असेल तर खरं काय ते सांगा, विकणाऱ्याने सांगितलेलं नको.

उत्तर १ (शहादा)
दादा, दोन हंगाम भाड्याने मारून घेतलंय. पहिली गोष्ट स्पीडची. हे अवजार तासाला १०-१२ किलोमीटरने पळालं तरच माती उडते आणि मिसळते, ५-६ ने चालवलं तर तव्या नुसत्या चिरा पाडत जातात, मग लोक म्हणतात अवजार खराब. म्हणून ताकद लागते, एक मीटर रुंदीला साधारण ३० एचपी किंवा जास्तच धरा. तुमच्या ४५ ला पाच फुटी ठीक, सात फुटी कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, पुढची चाकं हलकी होतात आणि बांधावर वळताना जीव वर येतो. रोलर ओल्या काळ्या मातीत भरतोच, मग तो माती दाबायच्या ऐवजी थापत जातो. वाफसा (मशागतीजोगी ओल) नसेल तर चालवूच नका. चार इंच खालची माती घेऊन मुठीत गोळा करा, कमरेइतक्या उंचीवरून सोडा, फुटला तर वाफसा, चपटा झाला तर अजून दोन दिवस थांबा.

उत्तर २ (अमळनेर)
बुडखे एका पाळीत तुटत नाहीत भाऊ. आधी धसकटं जमिनीलगत कापून घ्या, मग एक पाळी उभी आणि दुसरी तिरपी मारा, त्याच वाटेने दोनदा जाऊ नका. आणि तो टणक थर शॉर्ट डिस्कने फुटणार नाही, ते वरवरचं अवजार आहे. त्याला उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक असताना सबसॉयलर (खोल जाऊन थर फोडणारं अवजार) लावा, ओलीत लावला तर नुसती फट पडते. अजून एक, हरभऱ्याला पिठासारखं रान लागतच नाही. सुपारीएवढी ढेकळं राहिली तर मुळाला हवा मिळते आणि पापडीही कमी धरते. बारीक मातीचा हट्ट कांद्यासाठी ठेवा.

मूळ लेखक
दोघांचे मनापासून आभार. सुपारीएवढ्या ढेकळांचं वडिलांना वाचून दाखवलं, ते म्हणाले वखराच्या जमान्यात असंच रान ठेवायचो. आज गोळा करून पाहिला, बांधाकडचा फुटला, खालच्या अंगाला नाल्याजवळचा चपटा बसला, म्हणजे तिकडचा दीड एकर मागे ठेवावा लागेल. पाच फुटी भाड्याने मिळतंय पण त्याला पिंजऱ्यासारखा पाइपचा रोलर आहे. काळ्या मातीत तो बरा की रबराचा, एवढं कोणी सांगा, परवा ट्रॅक्टर लावायचंय.