गेटिसबर्गला 'बघायला काही नाही' म्हणणाऱ्यांसाठी

रानभूल:
'अमेरिका सहल : काय वगळावं' या धाग्यावर काल लिहिलेलं वाचलं : "गेटिसबर्ग वगळा. गवत, कुंपणं, तोफा आणि पुतळे. घरी बसून एक डॉक्युमेंटरी बघा, तेवढाच इतिहास कळतो." उत्तर लिहायला घेतलं ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

गेटिसबर्ग म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं, उत्तर विरुद्ध दक्षिण अशा अमेरिकन यादवी युद्धातलं रणांगण. तिथल्या पिकेट्स चार्जबद्दल, म्हणजे दक्षिणेने पायी केलेल्या चालीबद्दल, मीही वाचलंच होतं. ३ जुलै १८६३, दक्षिणेचे साडेबारा हजारांच्या आसपास सैनिक, जवळजवळ मैलभर उघडा माळ, आणि तासाभरात निम्मे गारद. समोर तोफा दिसत असताना सपाट माळावरून कोण चालत जाईल, हे मला कधी उमगलं नव्हतं. मागच्या ऑक्टोबरात लेकीला घेऊन व्हर्जिनिया स्मारकापासून तेवढं अंतर चाललो. माळ सपाट नाहीच! थोडं चाललो आणि समोरची टेकडी दिसेनाशी झाली, आम्ही खोलगटात. लेक पुढे गेलेली, तिचं डोकं आणि खांदेच दिसत होते. मग चढ, आणि एमिट्सबर्ग रोडच्या कुंपणाशी आलं की सगळं एकदम उघडं. लेक बारा वर्षांची. कुंपणाला हात लावून म्हणाली, "बाबा, हे चढेपर्यंतच मारतील की." त्या जागी माझ्या अंगावर काटा आला. कुठल्या डॉक्युमेंटरीने मला ते कुंपण दाखवलं होतं?

तांबडमाती:
ती पोस्ट माझी, आणि मी शब्द मागे घेणार नाही. माणसं कशी मेली ते तुम्हाला कळलं. का लढली, ते कुंपण सांगत नाही. आम्ही दोन मुलं आणि सत्तरीचे सासरे घेऊन जुलैच्या उन्हात गेलो. बरोबर जाणकार माणूस घेतला होता. दोन तास कुठली रेजिमेंट कुठून कुठे सरकली, कोणाचा घोडा कुठे पडला, हेच. गुलामगिरी हा शब्द एकदाही नाही. परतताना धाकटा मागच्या सीटवरून विचारतो, "आई, पण ते भांडत कशावरून होते?" या प्रश्नासाठी पूर्ण दिवस घालवायचा?

जुनाखोड:
तुम्हाला तक्रार करायला निदान जपलेली जागा तरी आहे. जालना जिल्ह्यातल्या असईला जाऊन या. २३ सप्टेंबर १८०३, शिंदे-भोसल्यांची फौज आणि समोर इंग्रजांचा सेनापती वेलस्ली. केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या त्या पट्ट्यात मी अर्धा दिवस फिरलो, लढाई नेमकी कुठे झाली हे दाखवायला कोणी भेटलं नाही. गेटिसबर्गला १८६३ सारखी नजर पोचावी म्हणून नंतर वाढलेली झाडंसुद्धा काढली आहेत. आपल्याकडे हे कधी होणार?

रानभूल:
काका, असईवर वेगळा धागा काढा, मी पहिला येईन. इथे नको.

पोटोमॅककाठ:
तांबडमाती, गुलामगिरी हे एकच कारण धरून बसू नका. राज्यांचे हक्क होते, जकातीचा वाद होता. मी दक्षिणेतल्या रिचमंडजवळ पंधरा वर्षं राहतोय. शेजाऱ्यांचे खापरपणजोबा त्या माळावर पडले. त्यांच्या घरात एकही गुलाम नव्हता.

तांबडमाती:
हक्क कशाचा? गुलाम ठेवण्याचाच ना! दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने देशातून फुटून निघताना जाहीरनामा काढला, त्यात सुरुवातीलाच म्हटलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या प्रथेशी पूर्णपणे जोडलेली आहे. फुटलेल्या दक्षिणेच्या सरकारचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स मार्च १८६१ मध्ये सवानाला भर सभेत बोलला, की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या नव्या सरकारची कोनशिला. हे त्यांचेच शब्द. आणि तुम्ही मला जकात शिकवताय?

पोटोमॅककाठ:
आवाज चढवू नका. माझी मुलगी आजारी पडली तेव्हा रात्री दोन वाजता याच शेजाऱ्यांनी आम्हाला दवाखान्यात नेलं. त्यांच्या पूर्वजांना सरसकट राक्षस ठरवलेलं मी ऐकून घेणार नाही.

तांबडमाती:
शेजारी देवमाणूस असेल. त्याने खापरपणजोबाची बाजू खरी ठरत नाही. व्हर्जिनिया स्मारकावरचा, दक्षिणेचा सेनापती ली याचा घोड्यावरचा तो भला मोठा पुतळा १९१७ चा आहे, लढाईनंतर ५४ वर्षांनी उभारलेला. माझ्या सासऱ्यांना वाटलं, लीच जिंकला होता!

रानभूल:
सासऱ्यांचा गैरसमज व्हावा अशीच ती मांडणी आहे, हे मला मान्य करावं लागतंय. नकाशे आणि रेजिमेंट यांत मीही पहिली दोन वर्षं रमलो होतो. पण ताई, तुम्ही म्युझियम टाळलंत का? २००८ साली उघडलेल्या नव्या इमारतीत सुरुवातच गुलामगिरीपासून आहे.

आणि एक घर बघा. चाल जिथे येऊन फुटली त्या टेकडीवर, उत्तरेच्या टोकाला, एक छोटं पांढरं लाकडी घर आहे. एब्राहम ब्रायन या स्वतंत्र काळ्या शेतकऱ्याचं. दक्षिणेची फौज पेनसिल्व्हेनियात शिरली तेव्हा स्वतंत्र काळ्या लोकांनाही पकडून गुलाम म्हणून दक्षिणेत नेत होती, म्हणून तो बायकामुलं घेऊन आधीच पळाला. परत आला तेव्हा घराला गोळ्यांची भोकं, पीक तुडवलेलं. नुकसानभरपाई हजार डॉलरच्या वर मागितली, हातात १५ पडले. धाकट्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच माळावर उभं आहे.

जुनाखोड:
तिथल्या दफनभूमीतही जा. उत्तरेच्या ज्या सैनिकांची ओळख पटली नाही त्यांच्या डोक्याशी चौकोनी दगड, त्यावर फक्त आकडा. मी ओळीने वाचत गेलो, पुढे वाचवेना.

पोटोमॅककाठ:
मिसिसिपीचा जाहीरनामा आत्ता शोधून वाचला. बरं, मुख्य कारण तेच. जकातीचं माझं म्हणणं मागे घेतो. शेजाऱ्यांबद्दलचं नाही.

तांबडमाती:
त्यांचं मी मागितलंही नव्हतं.

रानभूल, ब्रायनचं घर आम्हाला कोणी दाखवलं नाही, आणि त्याचा मला आता जास्तच राग येतोय. शेजारून गेलो असू. 'वगळा' हा शब्द बदलून 'त्या घरापासून सुरुवात करा' असं लिहीन, पण रेजिमेंटवाल्यांबद्दलची तक्रार तशीच राहील. सासरे मे महिन्यात परत येतायत. त्यांना फार चालवत नाही. तिथवर गाडी जाते का?

रानभूल:
जाते. घर हॅन्कॉक ॲव्हेन्यूच्या कडेलाच आहे, गाडीतूनही दिसतं. पण त्यांना उतरवा आणि तिथून पश्चिमेकडे माळ बघू द्या.