सीबी अँटेना: टोक कापायच्या आधी अर्थिंग बघा

मोआबवारी
आमच्या चार मराठी कुटुंबांच्या चार गाड्या दर वर्षी डेन्व्हरहून युटामधल्या खडकाळ वाटांच्या मोआबला जातात. तिथल्या खडकांत मोबाइल चालत नाही, म्हणून सगळ्यांनी सीबी (गाडीतून गाडीशी बोलायचा रेडिओ) बसवलाय. माझी जीप रँग्लर जेएल, अँटेना चार फुटी, मागच्या दाराला स्टेपनीच्या ब्रॅकेटवर. दुकानातून बसवून घेतली होती, "टेस्ट केलंय" असं सांगितलं होतं. तरी दोनशे मीटर मागच्या गाडीला माझी नुसती खरखर ऐकू जायची.

मीटर लावला. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) चॅनल १ वर ३.२, २० वर ३, ४० वर ३.३. ग्रुपमध्ये दोघांनी लगेच सांगितलं, अँटेना लांब आहे, टोक काप. मी ऐकलं नाही. चॅनल १ वर आकडा जास्त आला तर अँटेना आखूड, चॅनल ४० वर जास्त आला तर लांब. तिन्हीकडे सारखाच वाईट येत असेल तर दोष लांबीत नसतो. आणि कापलेला तुकडा परत जोडता येत नाही.

मल्टिमीटरचं एक टोक ब्रॅकेटला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. दार हलवलं की आकडा ४० ओहमपर्यंत उडायचा. बोल्ट काढला तर खाली काळा पावडर कोट (रंगाचा थर) जसाच्या तसा, दातेरी वॉशरचा एकही दात धातूपर्यंत पोचला नव्हता. पॉलिशपेपरने चकचकीत होईपर्यंत घासलं आणि ब्रॅकेटपासून बॉडीपर्यंत वेणीची रुंद तांब्याची पट्टी टाकली. एसडब्ल्यूआर १.७. मग टोकाचा स्क्रू फिरवून १.४.

माझं मत ठाम आहे. एसडब्ल्यूआर वाढला की कात्री किंवा मॅचर (सेट आणि केबलच्या मध्ये बसवायची, सेटला एसडब्ल्यूआर कमी दाखवणारी डबी) हातात घेणं चूक आहे. आधी अर्थिंग.

तरंग
निदान बरोबर, पण कारणमीमांसा अर्धीच पटली. मल्टिमीटर डीसीवर मोजतो, रेडिओच्या फ्रिक्वेन्सीवर नाही. ०.२ ओहम दाखवणाऱ्या गाडीतही मी एसडब्ल्यूआर ३ पाहिलाय, कारण अर्थिंगची वायर बारीक आणि मीटरभर लांब होती. २७ मेगाहर्ट्झला, म्हणजे सीबीच्या फ्रिक्वेन्सीला, अशी वायर म्हणजे प्रवाह अडवणारी कॉइलच. तुमचं काम मल्टिमीटरने नाही, रुंद आणि आखूड पट्टीने केलं.

दुसरं, जागाच चुकलीय. या बँडची पाव तरंगलांबी साधारण २.७ मीटर. अँटेनाखालचा पत्रा हा अँटेनाचाच उरलेला अर्धा भाग असतो. मागच्या कोपऱ्यात तो एकाच बाजूला आहे, वर अर्धी अँटेना स्टेपनीआड. रँग्लरचं छत धातूचं नाही, त्यामुळे तिथे नाही जमणार. बोनेटच्या कडेला, काचेजवळ लावा.

मोआबवारी
तिथे फांद्या घासतात. आणि लोहचुंबकाचा माउंट म्हणाल तर जेएलचं बोनेट अ‍ॅल्युमिनियमचं, तो चिकटतच नाही.

तरंग
चुंबक नको, बिजागरीच्या बोल्टवर बसणारा ब्रॅकेट मिळतो. पेंट मात्र तिथेही खरवडावा लागेल.

हमरस्ता
मी कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो. ताई, मॅचरला सरसकट नावं ठेवू नका. ट्रक कंपनीचा, पेंट खरवडायची परवानगी नाही, केबिनचा बराच भाग फायबरचा. आम्ही काय करायचं? एसडब्ल्यूआर ३ म्हणजे २५ टक्के ताकद परत येते. ४ वॅटचे ३ राहिले तर समोरच्याला फरकही कळत नाही. सेट जळू नये एवढं काम मॅचर करतो.

मोआबवारी
भाऊ, तो हिशोब मान्य. पण मग माझा आवाज दोनशे मीटरवर का मरत होता? ताकद नुसती परत येत नव्हती, ती सैल जोडात आणि केबलच्या शिल्डवर (बाहेरच्या जाळीवर) वाया जात होती. मॅचर सेटपाशी बसतो. मीटर १.२ दाखवतो आणि मागे बिघाड तसाच राहतो. खडकाच्या कडेवर "थांब, मागे घे" ऐकू गेलं नाही तर तो १.२ काय कामाचा? तुमच्या ट्रकला ग्राउंड प्लेन (अँटेनाखालचा पत्रा) न लागणारी अँटेना बसेल, फक्त तिची केबल तिच्यासोबत आलेलीच वापरा.

पन्हाळा
मुळात सीबीच कशाला? जीएमआरएस (लायसन्स लागणारी दुसऱ्या बँडची रेडिओ सेवा) घ्या. लायसन्सचे ३५ डॉलर, १० वर्षं, परीक्षा नाही, एका लायसन्सवर अख्खं कुटुंब. पाव तरंगलांबीची अँटेना वीतभरही नाही, आवाज स्वच्छ.

मोआबवारी
चार गाड्यांपुरतं तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण बर्फात आय-७० महामार्गावर वेल पास घाटाच्या अलीकडे अडकलो होतो तेव्हा पुढे काय झालंय ते चॅनल १९ वरच्या ट्रकवाल्यांनी सांगितलं. ते जीएमआरएसवर भेटत नाहीत. म्हणून सीबी काढणार नाही.

हमरस्ता
हे मात्र लाख बोललात. एक विचारतो, दुकानाने टेस्ट कुठे केली होती? शेडमध्ये?

मोआबवारी
हो, पत्र्याच्या शेडमध्ये, मागचं दार उघडं ठेवून.

हमरस्ता
मग तो आकडा सोडून द्या. शेडचा पत्रा अँटेनाच्या मापात येतो. मोकळ्या मैदानात, सगळी दारं बंद, तुम्ही गाडीत बसून मोजा. तुमचा १.४ कुठला?

मोआबवारी
घरासमोरचा, गॅरेजच्या दारापासून दहा फुटांवर. शनिवारी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये परत मोजते. बोनेटचा ब्रॅकेटही मागवलाय, दोन्ही जागांचे आकडे इथेच टाकते.