ओडिसियसने गाळलेल्या ओळी
‘अकिलीस म्हणजे नुसता मनगटाचा वीर, बोलणं हे ओडिसियसचं काम’ हे इथल्या चर्चेत आलेलं मत काही पटलं नाही. ट्रॉयच्या युद्धावरचं होमरचं ग्रीक महाकाव्य इलियड, त्याच्या ९व्या सर्गात अकिलीसला लहानाचा मोठा करणारा म्हातारा फिनिक्स स्वतःच सांगतो की पेलिअसने (अकिलीसच्या बापाने) मला या पोराला दोन्ही शिकवायला धाडलं होतं, सभेत बोलणं आणि रणात लढणं.

त्याच सर्गातली खरी गंमत मात्र इथे कुणी काढलीच नाही. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याच्याशी भांडून अकिलीस लढाई सोडून बसलाय. त्याला मनवायला ओडिसियस, फिनिक्स आणि अजॅक्स या तिघांना धाडताना अगामेम्नॉन नजराण्यांची यादी सांगतो: ७ तिवया, १० टॅलेंट सोनं, १२ घोडे, वर ७ नगरं. शेवटी म्हणतो, त्याने माझ्यापुढे नमावं, मी त्याच्याहून मोठा राजा. ओडिसियस अकिलीसपुढे यादी जवळजवळ शब्दशः म्हणतो, पण हा शेवट गुपचूप गाळतो आणि तिथे ट्रॉयचा वीर हेक्टर याला मारण्याचं आमिष ठेवतो. वकिली डोकं! तरी अकिलीसचं पहिलंच उत्तर काय, तर पोटात एक आणि ओठांत एक असणारा माणूस मला नरकाच्या दारासारखा वाटतो. आणि सगळ्यात जास्त नमतो तो कुणाच्या बोलण्याने? अजॅक्सच्या, ज्याचं भाषण तिघांत सगळ्यात तोकडं आणि फटकळ. ‘उद्या सकाळी घरी निघतो’ म्हणणारा अकिलीस त्यानंतर ‘हेक्टर माझ्या गलबतांपाशी येईपर्यंत लढणार नाही’ इथवर येतो. छावणीत परतल्यावर ओडिसियस मात्र फक्त पहिली धमकीच कळवतो.