रोटोरुआ: राफ्टिंग आणि हांगी एकाच दिवशी
न्यूझीलंडमध्ये एका दिवसात राफ्टिंग आणि माओरी (तिथले मूळ रहिवासी) लोकांचा कार्यक्रम दोन्ही जमेल का, असा प्रश्न आहे. रोटोरुआत आरामात जमतं. सकाळी काइतुना नदीतलं राफ्टिंग उरकून घ्या. तुतेआ धबधब्याची उडी ७ मीटरची आहे, राफ्ट उलटूही शकते, तेव्हा नाश्ता बेतानेच! दुपारी फाकारेवारेवा हे माओरी गाव बघा. तिथे लोक आजही राहतात आणि मक्याची कणसं थेट गरम झऱ्यात सोडून शिजवतात. (गंधकाचा वास हळूहळू अंगवळणी पडतो.) संध्याकाळी माओरी कार्यक्रम आणि हांगी, म्हणजे माओरी पद्धतीचं जेवण: मांस, रताळी तापलेल्या दगडांवर जमिनीत पुरून शिजवलेली. शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. कार्यक्रमात स्वागताला माओरी योद्धा डोळे वटारून पुढे येतो, तेव्हा कृपा करून खिदळू नका. पाहुणा मित्र की शत्रू, हे तो पारखत असतो. लूज, म्हणजे छोट्या चाकांच्या गाडीतून उतारावरून खाली येणं, वेळ उरला तरच.